चौदा नंबरची किल्ली

पहिल्याच दिवशी ती इमारतीत शिरली ती एक भलंमोठं खोकं दोन्ही हातांत धरून. वॉचमनने खुर्चीवरून उठून दार उघडून धरलं. लिफ्टमध्ये एका माणसाने तिच्यासाठी बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यावर कार्डाशिवाय न उघडणारं काचेचं दार होतं. तिथे एका मुलीने आपलं कार्ड लावलं आणि वर म्हणाली, "या ना काकू, जड असेल."

रेकॉर्डरूमच्या दारात खोकं टेकवून तिने फोन लावला.

"टिल्लू, मी आलेय."

"कुठे आहेस? मी खाली गेटवर उभाय तुला घ्यायला."

"तुझ्या रेकॉर्डरूमच्या दारात. खोकं रिकामं आहे. पण ते कुणी विचारलंच नाही."

मग तो हसला, जरा उशिराच.

टिल्लू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. शेहेचाळीस वर्षांचा, सहा फूट उंच, दोन पोरींचा बाप आणि या इमारतीचा मॅनेजर. त्याला टिल्लू म्हणणारी ती जगात एकटीच उरली होती. ती स्वतः तुरुंगखात्यातून निवृत्त झालेली. बावीस वर्षं माणसं आत ठेवण्याची नोकरी केली आणि आता कचेऱ्यांना, गोदामांना, माणसं बाहेर कशी ठेवायची याचे आराखडे करून देत होती. काम तेच, फक्त दाराची बाजू बदलली, असं ती म्हणायची.

इमारत पाच मजल्यांची. वरचे तीन मजले एका कंपनीकडे होते. सरकारी खात्यांची जुनी कागदपत्रं इथे यायची, नीट लावली जायची, त्यांच्या प्रती निघायच्या आणि अस्सल कागद खोक्यांत सील होऊन रेकॉर्डरूममध्ये जायचे. आधी पेन्शनचे अर्ज, जन्ममृत्यूच्या नोंदी असला बिनधोक माल असायचा. पण आठ महिन्यांपासून एका खात्याने साक्षीदारांचे जबाब पाठवायला सुरुवात केली होती. ज्यांनी मोठ्या गुन्हेगारांविरुद्ध तोंड उघडलं, ज्यांना नाव-गाव बदलून कुठेतरी बसवलंय, अशा माणसांचे. नव्या पत्त्यांसकट. आता तेच खातं म्हणत होतं, की इमारतीच्या सुरक्षेचा रीतसर आराखडा दाखवा, नाहीतर आमचे कागद परत द्या. मुदत पाच आठवड्यांची.

कंपनीचे संचालक बोलायला सरळ होते. "भावाच्या इमारतीची तपासणी बहीण करणार, हे मला जरा विचित्र वाटतं," ते म्हणाले. "पण तुमचं नाव त्यांनीच सुचवलंय. आणि तुमचं जुनं कामही मी पाहिलंय."

"तो माझा भाऊ आहे म्हणून एकही ओळ कमी लिहिली जाणार नाही," ती म्हणाली.

"जास्तही लिहू नका म्हणजे झालं," संचालक हसून म्हणाले.

पहिले तीन दिवस ती नुसती हिंडली. गच्चीपासून तळघरापर्यंत, हातात टेप आणि वही. रस्त्यावरून इमारतीकडे पाहिलं तर बाहेरच्या पाटीवर कंपनीच्या नावाखाली मोठ्या अक्षरांत 'सरकारी कागदपत्रांचे जतन' असं लिहिलेलं. म्हणजे चोराला पत्ता विचारायचीही गरज नाही. तिने वहीत लिहिलं, पाटी काढा. गाड्या भिंतीला नाक लावून उभ्या राहायच्या. तिने लिहिलं, वीस पावलं लांब. मालाच्या दाराशी सिगारेट ओढणारे दाराला वीट लावून ठेवायचे. तिने वीट उचलून आपल्या टेबलावर आणून ठेवली. दोन तासांनी तिथे दुसरी वीट होती.

सगळ्यात मोठी गंमत रेकॉर्डरूमची निघाली. भिंत जाडजूड, दार पोलादी, कुलूप भक्कम. तिने शिडी मागवली, बाहेरच्या पॅसेजमधला छताचा एक पत्रा बाजूला सारला आणि टॉर्च मारला. ती जाडजूड भिंत खोट्या छतापर्यंतच गेली होती. त्याच्या वर, खऱ्या स्लॅबपर्यंत, दोन हात मोकळी जागा. बारीक अंगाचा माणूस पॅसेजमधून चढून सरळ आत उतरू शकत होता.

"अरे देवा," खाली शिडी धरून उभा असलेला टिल्लू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "हे मला माहीतच नव्हतं."

"सात वर्षं मॅनेजर आहेस ना?"

"वर कोण बघतं गं, ताई?"

तो घाबरला ते तिला आवडलं. ज्याला इमारतीची काळजी आहे तो असाच घाबरणार, असं तेव्हा तिला वाटलं.

चौथ्या दिवशी तिने किल्ल्या काढल्या. रेकॉर्डरूमचं कुलूप मुद्दाम किल्लीचं ठेवलेलं होतं. बाकीची दारं विजेवर चालायची आणि आगीची घंटा वाजली की नियमाप्रमाणे आपोआप उघडायची. मग कुणीही घंटा वाजवावी आणि आत शिरावं! हे एकच दार त्यातून वगळलेलं. आतून नुसत्या मुठीने उघडायचं, बाहेरून फक्त किल्लीने. किल्लीचा नंबर चौदा. अशा तीन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक मुख्य वॉचमनकडे, एक संचालकांच्या कपाटात सीलबंद पाकिटात. रजिस्टरवर रोज तिघांपुढे बरोबरची खूण, सगळी टिल्लूच्या वळणदार अक्षरात.

"तिन्ही दाखव," ती म्हणाली.

पाकीट आलं. वॉचमनने कंबरेच्या साखळीतून त्याची काढून दिली. टिल्लूने खिसे चाचपले.

"माझी घरी राहिली वाटतं. म्हणजे काय झालं, काल पँट बदलली ना, ती ग्रे होती, तिचा खिसा उसवला होता म्हणून हिने शिवायला काढली, आणि सकाळी धाकटीची बस चुकली, मग गडबडीत—"

"किल्ली इमारतीबाहेर न्यायची नाही, असा नियम तूच भिंतीवर लावलायस."

"हो गं. चुकलंच. उद्या आणतो."

तिने रजिस्टर मिटलं. पण तुरुंगात बावीस वर्षांत तिने एक गोष्ट हजारदा पाहिली होती. खरं बोलणारा माणूस विचारलं तेवढंच सांगतो. पँटचा रंग फक्त खोटं बोलणारा सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्याने किल्ली आणून टेबलावर ठेवली. ती त्याच्यासमोर नुसतं "बरं" म्हणाली. तो गेल्यावर तिने तिन्ही शेजारी ठेवून भिंग लावलं. दोन किल्ल्यांवरचा चौदा आकडा कारखान्यात उमटवलेला, खोल आणि सरळ. टिल्लूच्या किल्लीवरचा आकडा हाताने ठोकलेला, त्यातला चार थोडा कलंडलेला. पितळही नव्या भांड्यासारखं चकचकीत.

मॅनेजर असून त्याला नक्कल करून घ्यायची गरज काय पडली? आणि नक्कल त्याच्या खिशात असेल, तर अस्सल कुणाच्या?

मग तिला एकेक दिसायला लागलं. संशयाचं असंच असतं. एकदा डोळ्याला लागला की पुसला जात नाही. रेकॉर्डरूमबाहेरच्या कॅमेऱ्यात पॅसेज अर्धाच दिसायचा, उरलेल्या अर्ध्यात नुसती भिंत. तिने टिल्लूला विचारलं.

"साफसफाई करताना हलला असेल. मावशींचा झाडू लागतो. मी इलेक्ट्रिशियनला फोनही केला होता, तो म्हणाला गुरुवारी येतो, पण त्याच्या सासऱ्यांचं काहीतरी झालं..."

सफाईच्या मावशी जिन्यात भेटल्या. साठीच्या, पाठीत वाकलेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, कॅमेरा कुठे आणि माझा झाडू कुठे! मी हात वर केला तर स्विचपर्यंत पोचत नाही. मॅनेजरसाहेबांनीच स्टुलावर चढून फिरवला तो. मी पाहिलं ना. म्हटलं, पुसत असतील."

"कधी?"

"झाले की सहा-सात महिने."

त्या आठवड्यात ती रोज जेवणाच्या सुट्टीत चौथ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यात उभी राहायची. एक वाजता रेकॉर्डचे लोक खाली जेवायला जात. एक वाजून दहा मिनिटांनी टिल्लू वर यायचा. पॅसेजच्या ज्या बाजूला कॅमेरा पाहत नव्हता, त्या बाजूने भिंतीला धरून जायचा, किल्ली लावायचा, आत जायचा. दहा मिनिटांनी बाहेर. हात रिकामे. पण आजकाल हातात काही धरावं लागत नाही. फोन खिशात असला की पुरतं. शंभर पानांचे फोटो दहा मिनिटांत निघतात.

टिल्लूची किल्ली परत देण्याआधी तिने फोनवर तिचा फोटो काढला होता, तो घेऊन तिने आसपासचे किल्लीवाले शोधायला सुरुवात केली. पहिल्या तिघांनी फोटोकडे पाहूनच मान हलवली. चौथा बसस्टॉपमागे एका पत्र्याच्या खोपटात बसायचा. जाड चष्मा, तेलाने काळे झालेले हात.

"माझंच काम," तो फोन डोळ्यांजवळ नेत म्हणाला. "असली किल्ली कुणी करत नाही. पण माणूस गयावया करत होता. उंच होता चांगला. दारातून वाकून आत आला."

"एकच केली?"

"दोन."

ती तिथून निघाली आणि चार बस सोडून पाचवीत चढली. दोन. एक तिने पाहिली होती.

लहानपणी टिल्लू तिच्या पाठीवर बसून शाळेत गेला होता, वाटेतला ओढा ओलांडताना. वडील गेल्यावर त्याची फी तिने भरली होती. त्याच्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच रडली होती. हे सगळं तिला आठवलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. तुरुंगात येणारा प्रत्येक माणूस कुणाचा तरी भाऊ असतो.

रविवारी तिने स्वतःला त्याच्याकडे जेवायला बोलावून घेतलं. जेवणं झाली, टिल्लू पोरींना घेऊन खाली सायकल चालवायला गेला. भावजय स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. बाहेरच्या खोलीत दारामागे त्याचा कामावरचा कोट टांगलेला. तिने आधी उजवा खिसा पाहिला, मग डावा. आतल्या खिशात हात मनगटापर्यंत गेला होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वन्सं, काय शोधताय?"

"रुमाल," ती म्हणाली. हात अजून खिशातच.

भावजय ओला हात पदराला पुसत जवळ आली. तिने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "त्यात काही नाही. मी रोज बघते. तुम्हाला कुठे काही सापडलं तर मला सांगा."

"तू काय शोधतेस?"

"बाई," भावजय म्हणाली. मग तिलाच कसंनुसं झालं. "म्हणजे, दुसरी कुणी. मला तरी तेच वाटतं. सात-आठ महिने झाले, माणूस घरात असून घरात नाही. सकाळी तासभर लवकर जातात. एकही सुट्टी नाही. थोरलीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला आले नाहीत. एकशेतीन ताप होता तरी रिक्षा करून गेले, दुपारी परत आले आणि पलंगावर पडले. दुपारी नेमकं काय असतं हो तिथे?"

"काही नाही," ती म्हणाली. "जेवणाची सुट्टी."

"मग जेवायला कुणाबरोबर बसतात?"

दोघी तशाच कोटासमोर उभ्या राहिल्या. एकीला नवऱ्यावर संशय, दुसरीला भावावर, आणि तो खाली धाकटीची सायकल धरून पळत होता. त्याचं हसणं वरपर्यंत येत होतं.

मंगळवारी साडेबारालाच तिने वॉचमनची किल्ली सहीनिशी घेतली, रेकॉर्डच्या लोकांना सांगितलं की मला आतली मापं घ्यायचीत, आणि सगळे गेल्यावर दिवा बंद करून शेवटच्या दोन रॅकच्या मधे स्टुलावर बसली. आत जुन्या कागदाचा आणि डिंकाचा वास होता. वातानुकूलनाची घरघर. तिने फोन बंद केला, बूट काढून ठेवले.

एक वाजून दहा मिनिटं. किल्लीचा आवाज. दिवा लागला.

टिल्लूने दार लावून घेतलं आणि सरळ साक्षीदारांच्या रॅककडे आला. तिच्यापासून जेमतेम आठ पावलं. आता फोन काढेल. आता खोकं उतरवेल.

त्याने खोकं उतरवलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, खिशातून एक चिटुकली वही काढली आणि खालच्या फळीपासून खोकी मोजू लागला. ओठ हलत होते. प्रत्येक खोक्याच्या झाकणापाशी बोट नेऊन तो काहीतरी चाचपायचा आणि वहीत टिंब द्यायचा. तिने मान पुढे काढून पाहिलं. झाकण आणि खोकं यांच्यामधे शिवणाचा बारीक पांढरा दोरा, दोन्ही टोकांना डिंकाचा ठिपका. झाकण उघडलं तर तुटणार. अशी दोनशेच्या वर खोकी. वरची फळी गाठायला तो टाचा उंचावून उभा राहिला.

"टिल्लू," ती म्हणाली.

तो ओरडला नाही. वही हातातून पडली आणि तो रॅकला पाठ लावून हळूहळू खालीच बसला.

"किल्ली हरवली," तो म्हणाला.

"कधी?"

"आठ महिने झाले."

"कुठे?"

"माहीत नाही."

एवढंच. पँटचा रंग नाही, बस नाही, इलेक्ट्रिशियनचा सासरा नाही. आणि त्या दोन-दोन शब्दांच्या उत्तरांनीच तिला कळलं, की हे खरं आहे.

मग तिने विचारत नेलं आणि तो सांगत गेला. साक्षीदारांची खोकी पहिल्यांदा आली तो दिवस. दोन ट्रक, बारा हमाल, लिफ्ट बंद पडलेली. तो सतरा वेळा वरखाली झाला. सकाळी किल्ली जुडग्यात होती, संध्याकाळी जुडग्याची कडी फाकलेली आणि चौदा नंबर गायब. जिने धुंडाळले, ट्रकची जागा झाडून काढली, गटाराच्या जाळीत हात घातला. दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून त्याची किल्ली 'माझी घरी राहिली' म्हणून तासाभरासाठी मागून घेतली आणि नक्कल करून आणली.

"दोन का केल्यास?"

"पहिली फिरलीच नाही कुलपात. दुसरीवर आकडा नव्हता, तो तू तिन्ही मागितल्यास त्या रात्री ठोकला. पहिली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आत्ता दाखवतो." तो उठू लागला. तिने हाताने बस म्हटलं.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? खात्याचा करार झाला त्याच्या पहिल्याच दिवशी मॅनेजरने किल्ली हरवली? मला वाटलं, सापडेल. आठवडाभर वाटलं. मग इतके दिवस का बोलला नाहीस, असं विचारतील याची भीती वाटायला लागली. मग रोज तीच भीती एकेक दिवसाने मोठी होत गेली."

"कुलूप बदलायचं निमित्त काढायचंस."

"काढलं! दोनदा अर्ज दिला, कुलूप खराब झालंय म्हणून. संचालकांनी मिस्त्री पाठवला. त्याने तेल घातलं आणि म्हणाला, साहेब, असं कुलूप आता मिळत नाही."

एरवी ती हसली असती. "आणि कॅमेरा?"

"मी रोज इथे येतो हे कुणाला दिसू नये म्हणून. ताई, आठ महिन्यांत एक दोरा तुटलेला नाही. एकही नाही. सुट्टीच्या दिवसानंतर मी सकाळी लवकर येऊन आधी हेच बघतो."

"दोरा परत चिकटवता येतो, टिल्लू. तुला आला, तसा दुसऱ्यालाही."

हे त्याच्या मनात कधी आलंच नसावं, किंवा रोज येत असावं. मग तो तिच्याकडे सरकला. "तुझ्या आराखड्यात कुलूप बदलायचं आहेच ना? भिंत वर न्यायची, छत बदलायचं, त्यातच हे कुलूप. तीन आठवड्यांत सगळं नवं होईल. जुनी किल्ली कुणाकडे असली तरी तिचा उपयोग शून्य. मग हे सांगायची गरजच काय उरते?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. एक गोष्ट आता तिच्या ध्यानात येत होती.

"म्हणून माझं नाव सुचवलंस?"

त्याने मान खाली घातली. "दुसरा कुणी आला असता तर किल्ल्या एकेक करून तपासल्या असत्या."

"आणि मी?"

"तू बहीण आहेस."

हे तिला जेवढं लागलं, तेवढं तो कागद विकताना सापडला असता तरी लागलं नसतं. तिने बूट घातले, नाड्या बांधायला मुद्दाम वेळ लावला.

"नवीन कुलूप पुढच्या दिवसांसाठी," ती उठत म्हणाली. "मागच्या आठ महिन्यांचं काय? ती किल्ली गटारात गेली असेल तर कुणाचं काही बिघडलं नाही. पण बारा हमालांतल्या एकाने उचलली असेल, आणि कुणी एखादा पत्ता वाचून गेला असेल, तर त्या पत्त्यावर आत्ता एक माणूस बायकापोरांसकट बसलाय, आपण सुरक्षित आहोत असं समजून. त्याला कोण सांगणार? हे लिहिलं तरच खातं त्याला विचारील. उद्या दहापर्यंत तू लिहून दे. नाही दिलंस तर मी देईन. पण माझ्या हाताने गेलं तर ते फार वाईट दिसेल."

"पोरींचं काय होईल, याचा विचार कर."

"केला," ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला टिल्लूची खुर्ची रिकामी होती. कोट नाही, डबा नाही. वॉचमन म्हणाला, आले होते सकाळी, मग दिसले नाहीत. फोन लागेना. तिच्या मनात नको ते सगळं क्रमाने आलं. पळाला. किंवा रात्रीतून ठरवलं असेल की नाकबूल जायचं, मग तिचा शब्द विरुद्ध त्याचा. किंवा काल जे सांगितलं त्यातलं निम्मंच खरं होतं, आणि तो आत्ता कुणालातरी सावध करायला गेलाय. ती मजले धुंडाळत वर गेली. गच्चीकडे जाणाऱ्या शेवटच्या जिन्यात तो पायरीवर बसलेला होता, मांडीवर कागदांचा गठ्ठा.

"संपतच नाहीये," तो म्हणाला.

तिने कागद घेतले. सहा पानं. लिफ्ट का बंद होती, ट्रक किती वाजता आले, त्या दिवशी ऊन किती होतं. ती त्याच्या शेजारी बसली आणि पेन काढलं.

"हे खोड. हेही. हे वाचून वाटतं की तू काहीतरी लपवतोयस. काय झालं, कधी झालं, कुणाला सांगितलं नाहीस, आणि त्यानंतर काय केलंस. चार गोष्टी. बास."

सहा पानांच्या अकरा ओळी झाल्या. दहाला पाच कमी असताना तो एकटा संचालकांच्या खोलीत गेला. ती बाहेर थांबली. शेवटी आतून फोन लावल्याचा आवाज आला.

त्याच दुपारी खात्याची चार माणसं आली. त्यांनी रेकॉर्डरूम सील केली, दोन दिवस प्रत्येक खोकं उघडून पान न् पान मोजलं. काही गेलेलं नव्हतं. पण काही वाचलं गेलं नव्हतं असं लिहून द्यायला कुणी तयार होईना, आणि ते बरोबरच होतं. शेवटी ज्या तीन कुटुंबांना सगळ्यात जास्त धोका होता, त्यांना खात्याने एका आठवड्यात दुसरीकडे हलवलं. वर्षभरापूर्वी एकदा सगळं सोडलेली माणसं, त्यांनी पुन्हा सगळं सोडलं. कदाचित गटारात गंजत पडलेल्या एका पितळी तुकड्यापायी.

बारा हमालांपैकी नऊ जण सापडले. त्यांनी किल्ली पाहिली नव्हती. उरलेल्या तिघांचा पत्ता लागला नाही.

तिचा आराखडा मंजूर झाला. भिंत स्लॅबला जाऊन भिडली, पाटी उतरली, पॅसेजमध्ये दोन कॅमेरे एकमेकांकडे तोंड करून लागले. टिल्लूची नोकरी गेली. त्याने आपणहून लिहून दिलं म्हणून पोलिसांत तक्रार झाली नाही, फक्त खात्यासमोर चौकशी ठेवली गेली. भावजयीचा फोन आला तेव्हा ती आधी रडली आणि मग म्हणाली, "वन्सं, बाई असती तरी परवडलं असतं." मग तिचं तिलाच हसू आलं. टिल्लूचा फोन मात्र तीन महिने आला नाही.

चौकशीच्या दिवशी दोघांनाही साक्षीला बोलावलं होतं. खात्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये एकच बाकडं, त्यामुळे शेजारी बसावंच लागलं. तो वाळला होता. एका औषधांच्या गोदामात माल मोजायचं काम मिळालंय, असं त्याने समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली.

मग त्याने विचारलं, "तुला खरंच वाटलं होतं, की मी कागद विकतोय?"

"हो."

"किती दिवस?"

तिने मनात मोजलं. "अकरा."

त्याने ते ऐकून घेतलं. मग मान हलवून म्हणाला, "तुझ्या मानाने फार वेळ लावलास मग." क्षणभर तो जुना टिल्लू दिसला आणि गेला. "आणि आता?"

"आता नाही," ती म्हणाली. पण म्हणण्याआधी ती थांबली होती, पापणी लवेल एवढीच, आणि हे दोघांनाही कळलं. तिला ते परत घेता आलं असतं तर तिने घेतलं असतं. ते तीन हमाल, ती न सापडलेली किल्ली, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि जाणारही नव्हतं. तिचं डोकंच तसं होतं.

शिपायाने त्याचं नाव पुकारलं. तो आत गेला, पाऊण तासाने बाहेर आला. मग ती गेली. तिला दहाच मिनिटं लागली. परत आली तर तो निघून गेला असेल असं तिने धरलंच होतं, पण तो बाकड्यावरच होता.

दोघं बसस्टॉपपर्यंत चालत गेली. त्याची बस आधी आली. पायरीवर एक पाय ठेवून तो मागे वळला.

"गुरुवारी धाकटीचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे," तो म्हणाला. "सकाळी आठला. ही एकटीच असेल, मला रजा नाही मिळत."

"कुठलं हॉस्पिटल?"

त्याने नाव सांगितलं आणि खोली नंबर सांगितला. आणखी काही सांगितलं नाही. बसचं दार लागलं.

गुरुवारी ती साडेसातलाच तिथे पोचली.